अंडें कोणाचें?

मुलांच्या पुस्तकांवर टीका लिहिण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाहीं. एखादें पुस्तक हातीं आलें तर 'चित्रें सुबक, छपाई स्वच्छ, गोष्ट बोधप्रद' असा शेरा मारून परीक्षक मोकळा होतो. मोठ्यांच्या कादंबरींतील नायिकेनें घराचा उंबरठा ओलांडला कीं आपण चार अंक वाद घालतों. पण मूल ज्या पुस्तकाचें पारायण शंभर वेळां करवून घेतें, त्या पुस्तकानें त्याच्या मनावर कोणता ठसा उमटविला याची चौकशी कोणी करीत नाहीं. वस्तुतः एकदां वाचून विसरणाऱ्या प्रौढापेक्षां पाठ होईपर्यंत ऐकणाऱ्या मुलाच्या पुस्तकाचें परीक्षण अधिक कसोशीनें व्हावयास पाहिजे. या समजुतीनें एका जुन्या व आपल्याही पुष्कळ घरांत पोंचलेल्या इंग्रजी चित्रपुस्तकाचा येथें थोडा विचार करावयाचें योजिलें आहे.

'हॉर्टन हॅचेस द एग' हें तें पुस्तक. हॉर्टन नांवाचा हत्ती अंडें उबवितो, एवढाच या नांवाचा अर्थ. तें १९४० सालीं न्यूयॉर्कच्या रँडम हाऊस या प्रकाशनसंस्थेनें काढलें. 'डॉ. स्यूस' या टोपणनांवानें लिहिणारे थिओडोर स्यूस गायझेल (१९०४–१९९१) हे त्याचे लेखक आणि तेच त्याचे चित्रकार. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं त्यांचें बालपण गेलें. तेथील सार्वजनिक बागांची व त्यांतील प्राणिसंग्रहालयाची व्यवस्था त्यांच्या वडिलांकडे होती. त्यांचें पहिलें बालपुस्तक १९३७ सालीं निघालें, तेंही वीसांहून अधिक प्रकाशकांनीं साभार परत केल्यावर. त्यानंतर तीनच वर्षांनीं हा हत्ती झाडावर चढला.

गोष्ट थोडक्यांत अशी. मेझी नांवाची एक आळशी पक्षीण अंड्यावर बसून बसून कंटाळली आहे. खालून हॉर्टन चालला असतां ती त्याला घटकाभर आपल्या जागीं बसण्याची गळ घालते. हत्तीनें अंड्यावर बसावयाचें ही कल्पना ऐकून तो प्रथम हसतो. पण शेवटीं भिडेस पडतो, त्या काटकुळ्या झाडाला टेकू देतो आणि जपून वर चढून बसतो. मेझी जी जाते ती पाम बीचच्या उन्हांत रमते, आणि परत न येण्याचें ठरविते. इकडे पाऊस कोसळतो, थंडी येते, हत्तीच्या सोंडेला व पायांना बर्फाचीं टोकें लोंबूं लागतात; तरी तो उठत नाहीं. वसंत ऋतूंत त्याचे रानांतले सोबती जमतात, ते थट्टा करण्यासाठीं. पुढें तीन शिकारी बंदुका रोंखतात. हा पळत नाहीं. झाडावर बसलेला हत्ती पाहून त्यांना हसूं लोटतें व ते त्याला झाडासकट उचलून, डोंगर ओलांडून, जहाजांतून न्यूयॉर्कला नेतात आणि सर्कसवाल्यांना विकतात. गांवोगांवचे लोक त्याला पाहून हसतात. अखेर सर्कशीचा तंबू पाम बीचनजीक पडतो, आणि सहज उडत आलेली मेझी त्यांत शिरते. एक्कावन आठवडे उलटून गेलेले असतात, आणि नेमकें तेव्हांच अंडें तडकूं लागतें. मेझी ओरडते कीं हें अंडें माझें आहे. हॉर्टन जड मनानें खालीं उतरतो. आणि त्याच क्षणीं अंडें फुटून त्यांतून हत्तीचे कान, हत्तीची शेपटी व हत्तीचीच सोंड असलेलें, पंख फडफडविणारें पिलूं बाहेर येतें. लोक जयजयकार करतात, आणि हॉर्टनची त्याच्या पिलासह सन्मानानें घरीं पाठवणी होते.

पुस्तकाच्या रचनेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण तिच्यावांचून ही गोष्ट मुलांच्या कानांत अशी घर करून राहिली नसती. पद्याचा साचा दोन हलक्या अक्षरांमागून एक आघाताचें अक्षर, असे चार गट, असा आहे. इंग्रजी छंद आघातावर चालतो व आपलीं वृत्तें लघुगुरूंवर, हा भेद ध्यानांत ठेवूनही असें म्हणतां येईल कीं, चार सगणांच्या तोटकाची चाल ज्याला ठाऊक आहे त्याच्या कानाला ही चाल परकी वाटणार नाहीं. तोटक आपण बहुधा स्तोत्रांत ऐकतों. तीच दौड येथें एका स्थूल प्राण्याच्या विनोदी फजितीला जुंपली आहे. हत्तीच्या प्रतिज्ञेचें ध्रुवपद पुन्हां पुन्हां येतें. त्याचा आशय इतकाच कीं, हत्ती दिल्या शब्दाला पुरेपूर जागतो. परंतु 'पुरेपूर' हें सांगण्यासाठीं कवीनें पेढीवरचा शेकडेवारीचा शब्द उचलला आहे. प्रतिज्ञेच्या गंभीर भाषेंत हिशेबाचा शब्द पडतांच मूल हसतें, आणि हसतां हसतां तें ध्रुवपद पाठ करतें. मराठींत कोणी हें पुस्तक आणूं म्हणेल तर 'शंभर टक्के' या कोरड्या शब्दापेक्षां सोन्याच्या कसाचा 'शंभर नंबरी' हा आपला शब्द त्याच्या अधिक उपयोगीं पडेल.

चित्रांची करामत निराळीच आहे. रंग मोजके आणि रेषा अवखळ. झाड इतकें बारीक कीं हत्तीच्या भारानें तें वाकून कमान होतें. पण पाहण्यासारखा आहे तो हत्तीचा चेहरा. शब्द म्हणतात कीं तो बसला आहे. चित्र सांगतें कीं तो अवघडलेला, ओशाळलेला, कधीं रडकुंडीस आलेला आहे, आणि तरी बसला आहे. आपल्याकडील सत्यवचनी पुरुष म्हटले कीं हरिश्चंद्र किंवा शिबि डोळ्यांपुढें येतात. त्यांच्यावर संकटें कोसळतात, परंतु त्यांना कोणी हसत नाहीं. दुःखांतही त्यांचा राजेपणा शाबूत असतो. हॉर्टनला ती सोय नाहीं. त्याचें व्रत हास्यास्पद दिसतें व तें त्यालाही दिसतें. मुलाला हरिश्चंद्राचा प्रसंग आयुष्यांत येण्याचा संभव कमी. पण चार सवंगडी हंसत असतां आपलें काम न सोडण्याचा प्रसंग दर आठवड्यास येतो. म्हणून या विदूषकी हत्तीचें धैर्य मुलाला अधिक जवळचें वाटतें.

येथें मैत्रीचा प्रश्न येतो. प्राण्यांची मैत्री हा आपल्या कथावाङ्मयाचा जुना विषय. पंचतंत्रांतील कावळा, उंदीर, कांसव आणि हरिण यांची चौकडी शाळेंत कोणाला भेटली नाहीं? उंदीर जाळें कुरतडतो, हरिण मेल्याचें सोंग घेतें, कावळा त्याच्यावर टोंच मारण्याचा बहाणा करतो, आणि कांसव सुटतें. ही मैत्री सुंदर आहे, परंतु तिच्यांत देवघेव आहे. प्रत्येकाजवळ दुसऱ्याच्या उपयोगाचा कांहीं गुण आहे, आणि विष्णुशर्म्याला राजपुत्रांस शिकवावयाचें होतें तें हेंच कीं, दुबळ्यांनीं एकमेकांना धरून राहावें. इसापाच्या ज्या नीतिकथा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सदाशिव काशिनाथ छत्र्यांनीं मराठींत आणल्या त्यांचेंही धोरण साधारण असेंच व्यवहारी आहे.

हॉर्टनच्या गोष्टींत हा हिशेब कोठेंच जुळत नाहीं. जिच्यासाठीं तो बसला ती मेझी त्याची मैत्रीण नव्हे. तिनें त्याला फसविलें आहे. जे खरे सोबती, ते त्याला सोडून निघून जातात. त्याच्याही मनांत त्यांच्याबरोबर खेळावें असें आहे. पण अंडें सोडवत नाहीं. आणि ज्याच्यासाठीं हें सर्व, तें अंड्यांतलें पिलूं तर त्यानें पाहिलेलेंही नाहीं. तें काय रूपाचें असेल, आपल्याला ओळखील कीं नाहीं, कशाचाही भरंवसा नाहीं. सामान्यतः आपण मुलांना सांगतों कीं ज्यांच्यावर आपलें प्रेम आहे त्यांची काळजी घ्यावी. हें पुस्तक याच्या उलट क्रम दाखवितें: आधीं काळजी घेणें अंगावर पडतें, आणि ती घेतां घेतां प्रेम जडतें. घरांत आजारी माणसाची शुश्रूषा ज्यांनीं केली आहे, किंवा मुलानें हट्टानें आणलेलें मांजराचें पिलूं ज्यांना पुढें सांभाळावें लागलें आहे, त्यांना या क्रमाची सत्यता निराळी पटवून देण्याची गरज नाहीं.

परंतु पुस्तकाचा खरा कळस मला याच्याही पुढें, तंबूंतील एका क्षणांत दिसतो. मेझी हक्क सांगते, आणि हॉर्टन भांडत नाहीं. एक्कावन आठवड्यांचा हिशेब तो पुढें करीत नाहीं. तो खालीं उतरतो. अंडें अद्याप फुटलेलें नाहीं; म्हणजे पिलूं आपल्यासारखें आहे हें त्याला कळण्यापूर्वींच तो उतरतो. त्याच्या लेखीं अंडें ही ठेव होती, आणि ठेवणारी आली.

येथें शाकुंतलाच्या चौथ्या अंकाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. मुलीला सासरीं पाठविल्यावर कण्व म्हणतात कीं, दुसऱ्याची ठेव परत केल्यासारखें माझें मन आज निश्चिंत झालें. ही निश्चिंतता कोणत्या मोलानें आलेली आहे हें त्या अंकाचा वाचक जाणतो. शकुंतला त्यांच्या पोटची नव्हती. मेनकेनें मालिनीच्या तीरावर टाकलेलें तें मूल महाभारताच्या आदिपर्वाप्रमाणें शकुंतांनीं, म्हणजे पक्ष्यांनीं, राखलें होतें. त्यावरूनच तिचें नांव पडलें. आमच्या कथेंत पांखरांनीं माणसाचें मूल राखलें, गायझेल यांच्या कथेंत हत्तीनें पांखराचें. आणि त्याच आदिपर्वांत कण्व सांगतात कीं, देह देणारा, प्राण वांचविणारा आणि अन्न घालणारा हे तिघेही पिताच होत. चेहरा कोणासारखा आहे हा प्रश्न तेथें उद्भवतच नाहीं.

आतां पुस्तकाच्या शेवटाकडे वळूं. कारण माझा आक्षेप तेथेंच आहे, आणि तो मला एका लहान मुलीनें शिकविला हें कबूल केलें पाहिजे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सात वर्षांची आहे. ती त्या घरांत जन्मलेली नाहीं. सव्वा वर्षाची असतांना ती तेथें आली, आणि हें तिला ठाऊक आहे. गेल्या सुट्टींत मी तिला हें पुस्तक मराठी करून वाचून दाखवीत होतों. सोंडेचें पिलूं बाहेर आलें तशी ती आनंदानें ओरडली. मग थोड्या वेळानें पान मागें उलटून तिनें विचारलें, "मामा, पिलूं पांखरासारखंच निघालं असतं, तर तें कुणाला मिळालं असतं?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. कारण पुस्तकांत उत्तर नाहीं. उलट जें सूचित होतें तें क्रूर आहे. तंबूंतील लोक हत्तीचा जयजयकार करतात, तो त्यानें सोसलें म्हणून नव्हे. तो वर्षभर त्यांच्या डोळ्यांपुढें सोसत होता तेव्हां ते हसतच होते. पिलाला सोंड दिसली तेव्हां त्यांचें मत पालटलें. सोंड हा त्यांना मिळालेला पुरावा. पिलाला चोंच असती तर तेंच लोक मेझीच्या बाजूनें उभे राहिले असते, आणि हॉर्टन रिकाम्या झाडाखालीं उभा राहिला असता. लेखकाला हत्तीला न्याय द्यावयाचा होता. परंतु तो देण्यासाठीं त्यानें ज्या साक्षीदाराला बोलाविलें तो हत्तीच्या विरुद्ध पक्षाचा होता. नातें चेहऱ्यावरून ठरतें, हें म्हणणें हॉर्टनचें नव्हतें; तें जगाचें होतें.

याला एक उत्तर देतां येईल, व तें दुर्बल नाहीं. आपल्या संतांनीं भ्रमर-कीट न्याय सांगितला आहे: अळी भ्रमराच्या अखंड ध्यासानें भ्रमरच होते. तसें एक्कावन आठवड्यांच्या उबेनें अंड्याला हत्तीचें रूप आलें, यांत काव्य आहे, शरीरशास्त्र नव्हे. आणि बालकथेंत अंतरींचें साम्य दाखविण्यास सोंडेहून सोयीचें चिन्ह कोठून आणावयाचें? हें मला मान्य आहे. सोंडेचें पिलूं ही कल्पना इतकी मोहक आहे कीं तिच्यासाठीं पुष्कळ क्षमा करावी. आपलें वाङ्मयही या मोहांतून सुटलेलें नाहीं. सातव्या अंकांत सर्वदमनाची दुष्यंताशीं मिळती चेहरेपट्टी पाहून तापसी चकित होतेच कीं! मात्र कालिदासानें पांचव्या अंकांत त्याच दुष्यंताच्या तोंडीं कोकिळेचा दाखला घातला आहे: कोकिळा आपलीं पिलें दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, असें तो शकुंतलेला हिणवून म्हणतो. स्वतःच्या संततीची जबाबदारी झिडकारणारा पुरुष दुसऱ्यानें वाढविलेल्या मुलीला हा टोमणा मारतो, आणि त्यांतील अन्याय प्रेक्षकाला बोंचतो. कवि तेथें साम्याचा उपयोग करतो, पण आंधळेपणानें नव्हे. गायझेल यांच्या पुस्तकांत ही जाणीव मला आढळली नाहीं.

मेझीच्या बाबतींतही न्याय थोडा घाईचा झाला आहे. ती आळशी आहे हें खरें, पण ती थकली आहे हेंही पुस्तकच सांगतें. त्या अंड्याला बाप होता कीं नाहीं याचा सबंध पुस्तकांत उल्लेख नाहीं. सारा बोल आईच्या माथीं. जें आईनें टाकलें म्हणून ती खलनायिका, तेंच पित्यानें टाकलें याची वाच्यताही नाहीं. विनोदी पुस्तकांकडून सर्वांगीण न्यायाची अपेक्षा करूं नये हें खरें. पण टाकून दिलेल्या मुलाच्या आईविषयीं मुलाच्या मनांत काय रुजवावें, हा प्रश्न ज्या घरांत खरा आहे तेथें वाचणाऱ्यानें हें पान सांभाळून वाचावें.

चेहऱ्यावर विसंबण्याची ही खोड लेखकाला पुढें महाग पडली, असें त्यांचें चरित्र पाहतां वाटतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ते न्यूयॉर्कच्या 'पीएम' या दैनिकासाठीं राजकीय व्यंगचित्रें काढीत. त्यांतील पुष्कळ चित्रें वंशद्वेषाविरुद्ध आहेत. पण १९४२ च्या फेब्रुवारींत काढलेल्या एका चित्रांत त्यांनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाचे लोक एकाच साच्याचे चेहरे देऊन, रांगेनें स्फोटकें घ्यावयास जातांना दाखविले. याच सुमारास त्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबण्यांत आलें. दिल्या शब्दाला जागणारा हत्ती ज्यानें निर्मिला, त्यानें माणसांची निष्ठा डोळ्यांच्या ठेवणीवरून ठरविली. पुढें युद्धानंतर ते जपानांत जाऊन आले, आणि १९५४ सालीं त्यांनीं 'हॉर्टन हिअर्स अ हू' हें दुसरें पुस्तक क्योटोच्या एका जपानी प्राध्यापकमित्राला अर्पण केलें. त्यांत तोच हत्ती पुन्हां येतो. या वेळीं तो धुळीच्या एका कणावर राहणाऱ्या जीवांना वांचवितो, आणि ते इतके सूक्ष्म आहेत कीं त्याला ते दिसतच नाहींत. फक्त त्यांचा आवाज ऐकूं येतो. ज्यांचा चेहराच दिसत नाहीं त्यांच्याविषयीं साम्याचा प्रश्न कोठला? पहिल्या हॉर्टनच्या गोष्टींत जें उणें राहिलें तें दुसरींत भरून निघालें, असें मी समजतों. २०२१ सालीं गायझेल यांच्या वारसा-संस्थेनेंच त्यांचीं सहा पुस्तकें, त्यांतील कांहीं वंशांचीं चित्रणें दुखावणारीं आहेत म्हणून, पुन्हां न छापण्याचें ठरविलें. त्यांत हॉर्टनचें एकही पुस्तक नव्हतें.

मग हें पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें कीं नाहीं? अवश्य द्यावें. जबाबदारी म्हणजे काय हें मुलाला हसवीत हसवीत इतक्या खरेपणानें सांगणारीं पुस्तकें थोडीं आहेत. फक्त वाचणाऱ्या वडीलमंडळींस एक विनंति आहे. हॉर्टन झाडावरून खालीं उतरतो त्या पानावर थोडें थांबावें. पुढचें पान उलटण्याची घाई करूं नये, आणि तात्पर्य तर मुळींच सांगूं नये. अंडें कोणाचें, हा प्रश्न त्या पानावर अजून मोकळा असतो; पुढच्या पानावर सोंड येते आणि तो मिटतो.

माझ्या भाचीनें पुढें मला हें पुस्तक तीनदां वाचावयास लावलें. तिसऱ्या वेळीं मी त्या पानावर थांबलों आणि तिचाच प्रश्न तिला विचारला. ती म्हणाली, "पिलाला विचारायचं. त्याला माहीत असणार, कोण बसलं होतं तें." मग तिनें स्वतः पान उलटलें, सोंड पाहून पुन्हां पूर्वीसारखीच खूष झाली, आणि बहिणीनें जेवायला हांक मारली म्हणून पुस्तक तसेंच उघडें टाकून पळाली.